म्हादईच्या वाटेवरच्या होड्या

पिरनवाडीच्या फाट्यावर बेळगावहून येणाऱ्या रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक खानापूर, लोंढा करत अनमोड घाटाकडे जाते. दुसरी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरते. सुट्टीच्या दिवशी या दुसऱ्या वाटेवर गाड्यांची रीघ लागते. बहुतेकांना कळंगुट-बागा गाठायची घाई असते, त्यामुळे वाटेत आपण दोन मोठ्या नद्यांच्या माहेरातून गेलो हे ध्यानातही येत नाही. कणकुंबीला माउली देवीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते, पूर्वेला वळते आणि सुमारे 304 किलोमीटर चालून कुडलसंगमला कृष्णेत मिसळते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, देगावकडे म्हादई जन्मते. ती पश्चिमेला सह्याद्री उतरते आणि गोव्यात मांडवी होते. डोंगरमाथ्यावर पडलेला एकच पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो.

2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले 111 जलमार्ग जाहीर केले. त्या यादीत मलप्रभेचा क्रमांक 67 आणि मांडवीचा 68 आहे. इंग्रजी अक्षरक्रमाने यादी लावताना या बहिणी पुन्हा शेजारी बसल्या, एवढाच योगायोग. पण या दोन पाण्यांवर चालणाऱ्या नावा पाहिल्या तर त्यांचे एकमेकींशी काही नाते असेल असे वाटणार नाही. पूर्वेची नाव गोल, पश्चिमेची लांब आणि निमुळती. नावेचा आकार पाणी ठरवते, हे समजून घ्यायला आमच्या या घाटमाथ्याइतकी सोयीची जागा मला दुसरी ठाऊक नाही.

आधी पूर्वेचे पाणी पाहू. कृष्णा, मलप्रभा, घटप्रभा, तुंगभद्रा या पठारावरच्या नद्या. आठ महिने पात्र उथळ, खडकाळ. चार महिने तांबडा लोंढा. अशा पाण्यावर बांबूच्या किंवा वेताच्या कामट्यांचे मोठे उथळ टोपले विणायचे आणि बाहेरून कातडे ओढून शिवायचे, ही इथली नाव. कन्नडमध्ये तिला हरिगोल म्हणतात. आता कातड्याऐवजी प्लास्टिकचा जाड कागद आणि डांबर आले आहे, पण विणकाम तेच राहिले. गोल आकारात थोड्या सामानात जास्तीत जास्त जागा मिळते. तळ सपाट असल्याने वीतभर पाण्यातही ती तरंगते. खडकाला घासली तर कामट्यांचा सांगाडा दबतो आणि पुन्हा उसळतो. फळ्यांची होडी असती तर फुटली असती. पलीकडे पोचल्यावर एकटा माणूस ती डोक्यावर घेऊन चालू शकतो. खोट एकच, ती सरळ जात नाही. तिला नाळ नाही, कणा नाही, त्यामुळे एका बाजूला वल्हे मारले की ती जागच्या जागी फिरते. म्हणून वल्हवणारा पुढच्या काठाशी बसतो आणि समोरचे पाणी उजवीकडून, डावीकडून आलटून पालटून स्वतःकडे ओढतो.

डोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी 1520 च्या सुमारास विजयनगरला गेला होता. समुद्रावरच्या मोठमोठ्या गलबतांची सवय असलेल्या या माणसाने तुंगभद्रेवर या गोल नावा पाहिल्या आणि त्यांचे तपशिलाने वर्णन लिहून ठेवले. आतून वेताच्या, बाहेरून कातड्याच्या, पंधरा-वीस माणसे सहज बसतील एवढ्या, आणि सतत गरगर फिरणाऱ्या. घोडे-बैलसुद्धा वेळ पडली तर त्यातून नेता येतात, पण बहुधा जनावरे पोहूनच पार होतात, असेही त्याने नोंदवले. त्याच्याही दोन हजार वर्षे आधी हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने बाबिलोनच्या नदीवर अशीच गोल, कातडी नाव पाहिल्याचे लिहिले आहे. तिथले व्यापारी मालाबरोबर नावेत एक गाढवही घेत. प्रवाहाबरोबर खाली शहरात यायचे, माल विकायचा, सांगाड्याचे लाकूड विकायचे, कातडी गाढवाच्या पाठीवर लादायची आणि पायी घरी परतायचे, कारण प्रवाहाविरुद्ध ही नाव जात नाही. इराकमधली नदी आणि कर्नाटकातली नदी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण सारख्या अडचणीवर दोन्हीकडच्या माणसांना सारखाच उपाय सुचला.

या गोल नावेने लढायांतही काम केले आहे. 1800 साली आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, बंडखोर धोंडजी वाघाचा पाठलाग करत आमच्या मुलखात फिरत होता. 30 जुलैला त्याने मलप्रभेकाठी मुनवळ्ळीजवळ धोंडजीच्या तळावर झडप घातली. नदी ऐन पावसाळ्यातली.  तळावरचे कितीतरी लोक पुरात बुडाले. वेलस्लीकडे नावा नव्हत्या. त्याच्या शिपायांनी पोहत जाऊन पलीकडची एक नाव ताब्यात घेतली, तेव्हा कुठे त्या काठावरच्या तोफा हाती लागल्या. हा धडा त्याने लक्षात ठेवला. पुढे 1803 च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत नद्या उतरण्यासाठी टोपल्यांच्या नावा बांधून तयार ठेवण्याच्या सूचना तो वारंवार देताना दिसतो.

निपाणी-चिकोडीकडे, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठी, गोल नावेचा आणखी एक अवतार आहे आणि तो कुठल्याही नौकाशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही. ती गुऱ्हाळातली काहील. उसाचा रस आटवायची ही पत्र्याची कढई. आठ-दहा फूट व्यासाची, सपाट तळाची, हात-दीड हात उंच काठाची, उचलायला कडेला कड्या. पावसाळ्यात जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज या वाटांवरचे बुटके बंधारे पाण्याखाली जातात आणि समोर दिसणारे गाव वळसा घेऊन गाठावे लागते. तेव्हा गुऱ्हाळे बंदच असतात आणि काहील मोकळी पडलेली असते. कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यात काहील पाण्यात लोटून तिच्यातून दुधाची किटली, औषधे, म्हातारी माणसे पलीकडे नेणारे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. लोखंड असूनही ती तरंगते, कारण काठापर्यंत बुडण्याआधीच ती स्वतःच्या आणि आतल्या ओझ्याच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. पण काठ बुटका असल्याने एका बाजूला दोघे झुकले की पाणी आत येते. म्हणून काहिलीत बसणाऱ्याला पहिली ताकीद असते: मधोमध बसायचे आणि हलायचे नाही. काहिलीचे कौतुक करतानाच हेही सांगितले पाहिजे, की 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर प्रत्येक पूरगावात यांत्रिक बोट आणि तरंगणारी जाकिटे असायलाच हवीत. काहील ही लोकांची हुशारी आहे. ती कायमची सोय मानून कोणी निश्चिंत बसू नये.

आता घाट उतरू. चोर्ला संपला, केरी मागे पडली की साखळी लागते. इथे वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री नौकांची स्पर्धा असते. थर्माकोल, लाकूड, पुठ्ठा यांच्या लहान-मोठ्या नौका सजवून, दिवे लावून पाण्यात सोडतात. माणसे वाहून न नेणाऱ्या नावांचा हा उत्सव पाहायला सारा गोवा लोटतो. तिथून पुढे माशेल, आणि माशेलच्या पुढे बाणस्तारीचा पूल. या पुलाखालून वाहतो तो कुंभारजुव्याचा कालवा.

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घटप्रभेचा किंवा हिडकल धरणाचा पाट येतो: दगडी बांध, एका दिशेने जाणारे पाणी, बसवलेली दारे. कुंभारजुव्याचे पाणी तसे नाही. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना आतून जोडणारी ही अरुंद खाडी आहे. सरकारी यादीत हा 27 क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग, लांबी 17 किलोमीटर. याच्यामुळे तिसवाडी तालुका चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. पणजी शहर एका बेटावर वसले आहे हे गोव्याला दर महिन्याला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असते? समुद्राची भरती मांडवीच्या तोंडाने आणि झुआरीच्या तोंडाने अशी दोन्हीकडून आत शिरते, ओहोटीला दोन्हीकडे ओसरते. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीने कालवे खोदले तेव्हा नावा चढवण्या-उतरवण्यासाठी सात फूट रुंदीची जलद्वारे बांधली आणि तिथल्या नावा आजही तेवढ्याच अरुंद राहिल्या. कुंभारजुव्यात चढ-उताराचे काम भरती करते, आणि त्यासाठी पैसा पडत नाही. इथल्या होडीवाल्याला वेळापत्रक विचारले तर तो आधी तिथी मोजतो.

झुआरीच्या बाजूने, म्हणजे कुठ्ठाळी आणि आगशीच्या मधून, कालव्यात शिरावे. मागे नव्या झुआरी पुलाचे उंच खांब आणि तारा दिसत राहतात. पहिला झुआरी पूल 1983 चा. त्याआधी इथे फेरीबोटीवाचून गत्यंतर नव्हते. उजव्या हाताला मडकई. कुठ्ठाळीहून मडकईला जाणारी फेरी हा या वाटेवर भेटणारा पहिला मोठा प्रवासी. लोखंडी सपाट डेक, पुढे-मागे पाडता येणारी फळी, मोटारी मध्ये आणि माणसे कडेला. तिला नांगर टाकून थांबायची सवय नाही. धक्क्याच्या उतरत्या बांधावर फळी टेकवायची, इंजिन चालू ठेवून नाक रेटून धरायचे, तेवढ्यात लोक उतरतात. पाणी चढो वा उतरो, उतरता बांध कुठेतरी तिच्या उंचीला मिळतोच. गोव्यात पूल बांधूनही फेऱ्या संपल्या नाहीत. 5 जुलै 1986 रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा पुढची काही वर्षे राजधानीचा उत्तरेशी संबंध फेरीबोटींनीच मुख्यतः राखला. 2025 मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर 'गंगोत्री' आणि 'द्वारका' या मोठ्या रो-रो बोटी आल्या.

कुठ्ठाळीपाशी थोडे थांबायला हवे, कारण या पाण्यावरचे सर्वांत जुने आठवणीतले प्रवासी माणसे नव्हती. कुठ्ठाळी म्हणजे कुशस्थळी, मंगेशाचे मूळ ठिकाण. पोर्तुगीज सत्ता देवळे पाडू लागली तेव्हा, 1560 साली, भक्तांनी मंगेशाचे लिंग नदीपार नेऊन प्रियोळला बसवले. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्या वेळी फोंड्याचा भाग, म्हणजे अंत्रुज महाल, पोर्तुगीजांच्या हातात नव्हता, आणि मध्ये आडवी होती ती झुआरी व हा कालवा. कुलदैवताला फोंड्यात जाणारी बेळगाव-निपाणीकडची शेकडो सारस्वत आणि इतर कुटुंबे आज रस्त्याने जातात. त्यांची दैवते मात्र होडीतून, अंधारात, लपत तिथे पोचली.

कालवा आत जाईल तसा चिंचोळा होतो. दोन्ही काठांना तिवर, कांदळ, चिप्पी ही खारफुटीची झाडे. त्यांच्या मागे मातीचे लांबच लांब बांध, आणि बांधापलीकडे पाण्याच्या पातळीपेक्षा खोलगट शेते. ही खाजन शेती. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शेतापेक्षा उंच असते, तरी ते आत येत नाही, याचे कारण बांधात बसवलेली मानस. होडी एखाद्या मानशीजवळ लावून ती नीट पाहावी. जांभ्या दगडाच्या दोन भिंतींमध्ये लाकडी झडप, वरच्या कडेला अडकवलेली, खालून मोकळी. भरती चढली की बाहेरचे पाणी झडपेला दाबून बसवते आणि दार बंद होते. ओहोटी लागली की आतले साचलेले पाणी तिला बाहेर ढकलते आणि दार उघडते. मोटार नाही, पहारेकरी नाही; दिवसातून दोनदा चंद्र ते दार लावतो आणि दोनदा उघडतो. आतले पाणी बाहेर पडताना तोंडाशी जाळे लावले की मासळी मिळते, आणि त्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. अशा खाजनात कोरगुट नावाचे खारे पाणी सोसणारे भात पिकते. बांध फुटला, की एका भरतीत शेत खारे होते. त्यामुळे इथला शेतकरी बांधाला जेवढा जपतो तेवढा पिकालाही जपत नाही.

त्याच बांधांवर आणि चिखलाच्या काठांवर कालव्याचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी पडलेला असतो. ही मगर आपल्या कृष्णेतलीच जात, मूळ गोड्या पाण्याची. पण कुंभारजुव्याच्या मचूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात तिने बस्तान बसवले आहे आणि अभ्यासकांना याचेच अप्रूप वाटते. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी, ऊन वर आले की मगरी अंग शेकायला चिखलावर येतात. चिखल आणि मगर यांचा रंग इतका एक असतो, की होडीवाल्याने बोट दाखवूनही काही क्षण काहीच दिसत नाही. मग लाकडाचा ओंडका समजलेल्या वस्तूचा डोळा उघडा असल्याचे कळते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे. लोकांचे संरक्षण त्याहून जुने आहे. दुर्भाट आणि आसपासच्या गावांत पौष अमावास्येला 'मानगें थापणी' होते: शेताच्या बांधाजवळ चिखलाची मगर घडवतात, तिला शिंपल्यांनी सजवतात आणि पूजा करतात. ज्या पाण्यात उतरून बांध दुरुस्त करायचा, त्या पाण्याच्या धन्याशी शेतकऱ्याने राखलेला हा सलोखा.

या मचूळ पाण्याचा गोडवा वरून येतो, म्हणजे आमच्या खानापूरच्या रानातून. म्हादईच्या वाटपाचा वाद लवादापुढे गेला आणि ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी मिळाले. आम्ही सीमाभागातले लोक या वादात दोन्हीकडची भाषणे ऐकतो. हे पाणी मागणाऱ्या हुबळी-धारवाडच्या तहानेचा प्रश्न खरा आहे. पण नदीत किती गोडे पाणी शिल्लक राहते यावर कालव्यातली मासळी, खाजन आणि मगर अवलंबून आहे, हे बाणस्तारीच्या पुलाखाली उभे राहिल्यावर जितके पटते तितके आकड्यांतून पटत नाही. हा विषय बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा कणकुंबी आणि एकदा कुंभारजुवे पाहावे.

बाणस्तारीच्या आसपास कधी काळी सर्वांत धाक वाटे तो बार्जचा. खाणींचे लोहखनिज डिचोली, सत्तरी, सांग्याकडून नदीने मुरगाव बंदराला जाई. हजार-दोन हजार टनांचे ते लांबट, बुटके, तांबड्या धुळीने माखलेले लोखंडी तराफेच. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूच्या दांड्यावर लाटा उसळतात आणि तो मार्ग बंद होतो. मग मांडवीतल्या बार्ज या कालव्यातून झुआरीत उतरत आणि मुरगाव गाठत. भर पावसात एवढे धूड या चिंचोळ्या वळणांतून भरतीच्या पाण्यावर नेणे हे तांडेलांच्या कसबाचे काम. 2012 मध्ये खाणकाम थांबले, मग काही काळ सुरू होऊन 2018 मध्ये पुन्हा बंद झाले, आणि कितीतरी बार्ज काठाला लागून गंजल्या.

पुढे कुंभारजुवे गाव. गणेशोत्सवात सातव्या दिवशी इथे सांगोडोत्सव होतो. एरवी मासे मारणाऱ्या किंवा रेती वाहणाऱ्या दोन होड्या शेजारी शेजारी ठेवतात, त्यांच्यावर आडवे वासे बांधतात, वासे दोरांनी आवळतात आणि वर फळ्यांची सपाट जागा करतात. हा झाला सांगोड. एकटी निमुळती होडी वेगाने जाते पण कलंडते. दोन होड्या अंतर ठेवून जोडल्या की पाया रुंद होतो आणि उभी माणसे नाचली तरी ती उलटत नाही. समुद्रावरच्या कोकणी होडीला एका बाजूला उलांडी असते, तिच्यामागचे शास्त्र हेच. सांगोडावर शांतादुर्गेच्या देवळातला गणपती बसतो, मागून पौराणिक देखावे मांडलेले दुसरे सांगोड येतात, आणि काठावर माणसांची दाटी होते. हाच सांगोड बार्देशातले ख्रिस्ती मच्छीमार 29 जूनला सेंट पीटरच्या सणाला बांधतात, त्यावर रंगमंच उभारतात, गाणी आणि नाटुकली करतात. नारळाच्या झावळ्यांनी सजलेले हे दोन्ही सांगोड शेजारी उभे केले तर कुठला कोणाचा हे वरच्या मूर्तीवरूनच ओळखावे लागेल. खाली होड्या, दोर आणि गाठी एकच आहेत.

कालव्याचे उत्तरेचे तोंड सांतइस्तेव्ह, म्हणजे जुवे बेटाजवळ आहे. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री ओहोटीची वेळ साधून छत्रपती संभाजी महाराजांच्या लोकांनी या बेटावरचा किल्ला घेतला आणि जुन्या गोव्याच्या दारात मराठे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर प्रतिहल्ला करायला आला आणि त्याला माघारी पळावे लागले. पाठलागात महाराजांनी घोडा पाण्यात घातला, भरतीच्या पाण्यात तो वाहू लागला आणि खंडो बल्लाळ यांनी त्यांना वाचवले, ही हकिकत मराठी घरांत आजही सांगतात. नकाशात बेट लहान दिसते. होडीतून पाहिले की भरती-ओहोटीचे ज्ञान हे त्या रात्री किती मोठे शस्त्र होते ते कळते.

मांडवीत बाहेर पडले की समोर दिवाडी बेट. इथूनच सप्तकोटेश्वराचे लिंग नदीपलीकडे नार्व्याला गेले आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आणि याच दिवाडीवर, रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत, या साऱ्या प्रवासातल्या सर्वांत विलक्षण नावा जन्मल्या. पहिली आयएनएसव्ही म्हादई. 56 फुटांची ही शिडाची बोट 2009 मध्ये भारतीय नौदलात आली. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात तिच्यातून एकट्याने जगप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच बोटीतून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी मारली. तिची धाकटी बहीण 'तारिणी' 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगभर फिरून आली. देगावच्या झऱ्याचे नाव केप हॉर्नच्या वादळातून गेले, याचा खानापूर तालुक्यातल्या शाळांत मोठ्याने उच्चार व्हायला हवा.

दुसरी नाव आणखी वेगळी. दांडेकरांच्याच होडी इनोव्हेशन्स या संस्थेने सांस्कृतिक मंत्रालय आणि नौदल यांच्याशी 2023 मध्ये करार करून पाचव्या शतकातल्यासारखे जहाज बांधले. त्यात फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या लोकांनी फळीला फळी भिडवली, मध्ये नारळाचा काथ्या भरला, आरपार दोरी ओवून आवळली आणि राळेने सांधे बंद केले. खिळ्याची फळी लाटेच्या तडाख्याने ताठ राहते आणि तडकते; शिवलेली फळी थोडी सरकते आणि पुन्हा जागेवर येते. मलप्रभेवरच्या कामट्यांच्या टोपल्याचा आणि समुद्रावरच्या या जहाजाचा गुण इथे एक होतो. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले, नाव 'कौंडिण्य', आणि त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. त्याच्या चौकोनी शिडावर गंडभेरुंड आहे, गोव्याच्या कदंबांचे चिन्ह. त्याच कदंबांची देवळे आमच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला उभी आहेत.

या जहाजाचा एकही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. अजिंठ्याच्या भिंतीवरचे एक चित्र हाच मुख्य आधार. त्यावरून मापे बसवायची, आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याची पाण्यात चाचणी घ्यायची, मग लाकूड कापायचे, असा तो उलटा प्रवास होता. जहाजे बांधणारे लोक होते, त्यांची विद्या हातात होती, पण कोणी ती लिहून ठेवली नाही. आज हरिगोल विणणारे, सांगोडाच्या गाठी मारणारे, काहील पुरातून पार नेणारे लोक आपल्या आसपास आहेत; त्यांची विद्या तरी वेळीच लिहून ठेवायला हवी.

तेव्हा पिरनवाडीच्या फाट्यावरून गोव्याकडे वळणाऱ्यांना विनंती आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अर्धा दिवस कुंभारजुव्याच्या कालव्यासाठी काढा. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या, जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नका आणि मगरीच्या जवळ होडी न्यायचा आग्रह धरू नका. परत आल्यावर मलप्रभेकाठी किंवा दूधगंगेकाठी आपले कोणी वडीलधारे असतील तर त्यांना नावेबद्दल विचारा: कामटी कुठल्या बांबूची, कातडे कसे कमावत, किती माणसे बसत, नाव कोण बांधत असे. मिळालेली मापे आणि नावे वहीत तारखेसह लिहा, जमले तर चित्र काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.